दोन नंबरच्या दारावरचा हिरवा दिवा

१

मेलेल्या माणसावर खापर फोडण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नसेल. तो उठून उलट बोलत नाही, वकील करत नाही, कानाखाली आवाजही काढत नाही. शीतगृहाच्या मॅनेजरनं पुढे सरकवलेला अहवाल वाचताना तपासनीस बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती यामुळेच. तशी ती जायला फार वेळ लागत नसे. घरी त्यांचा नवरा म्हणायचा, "गॅसवरचं दूध आणि तू, दोघांवर सारखं लक्ष ठेवावं लागतं."

अहवाल जेमतेम एका पानाचा होता. 'मयत ऑपरेटरने खोली क्रमांक दोनमधील हवेच्या सेन्सरचा सेल काढून ठेवला होता. त्यामुळे दारावरील दिवा हिरवाच राहिला. खोलीत हवा भरण्याची वाट न पाहता तो आत शिरला व गुदमरून मरण पावला. दुर्घटनेस मयताचा निष्काळजीपणा जबाबदार आहे.' खाली मॅनेजरची सही, त्याखाली साक्षीदाराची.

हे शीतगृह सफरचंदांचं होतं. फळं महिनोन्महिने टिकावीत म्हणून तिथल्या चारही खोल्यांतला ऑक्सिजन काढून नायट्रोजन भरत. मग सफरचंदं झोपी जात. माणूस आत गेला तर तोही झोपी जाई, फक्त पुन्हा उठत नसे. त्या हवेला वास नाही, रंग नाही, घशात खवखवही नाही. म्हणून प्रत्येक दारावर एक दिवा होता. लाल म्हणजे पाऊल टाकू नको, हिरवा म्हणजे आत श्वास घेता येतो.

"दुपारी मालकांची बैठक आहे, मॅडम," मॅनेजर म्हणाला. "तेवढी तुमची सही झाली की ठराव करून टाकू. उगाच लांबण कशाला?"

"माणूस गेलाय. तुम्ही लांबण म्हणताय?"

मॅनेजर काही बोलणार तोच दार धाडकन उघडलं. आत आलेल्या बाईच्या अंगावर फळं निवडणाऱ्यांचा निळा एप्रन होता आणि रडून रडून सुजलेल्या डोळ्यांत आता पाण्याचा टिपूस नव्हता. ती ऑपरेटरची बायको होती.

"तुम्हीच का त्या तपासाला आलेल्या?" ती म्हणाली. "मग माझंही ऐका. माझा नवरा तापट होता म्हणा, घोरायचा म्हणा, स्वतःच्या आईशी भांडायचा म्हणा. सगळं कबूल. पण स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा आवळण्याइतका तो मूर्ख नव्हता. आज हे लोक ठराव करणार आणि उद्यापासून माझ्या पोरीला शाळेत ऐकावं लागणार, तुझा बाप स्वतःच्या चुकीनं मेला. आयुष्यभर ऐकावं लागणार तिला."

"तुम्ही बाहेर थांबा बरं," मॅनेजर उठत म्हणाला.

"त्या इथेच थांबतील," बाई म्हणाल्या. "बाहेर जायचं असेल तर तुम्ही जा."

ऑपरेटरच्या बायकोनं अहवालावर बोट ठेवलं. "साक्षीदाराची सही बघितलीत? इथल्या टेक्निशियनची आहे." तिनं ते बोट कागदावर दाबलं. "माझ्या सख्ख्या भावाची."

२

दोन नंबरच्या खोलीत आता साधी हवा भरलेली होती. दार उघडं होतं, आत छतापर्यंत सफरचंदांच्या क्रेटच्या रांगा, मधून जेमतेम गाडी जाईल एवढी वाट. गारठा हाडांत शिरत होता. दाराशी फोर्कलिफ्टवाला उभा होता, हाताची घडी घालून.

"मी दारात होतो," तो सांगू लागला. "आमचा नियमच आहे, एक आत, एक दारात. आदल्या आठवड्यात इथे माल भरला तेव्हा खोलीत साधी हवा होती, मग दार लावून पुन्हा नायट्रोजन सोडला, हे आम्हाला नंतर कळलं. आम्हा दोघांची तेव्हा सुट्टी. त्या सकाळी ऑफिसातून सांगितलं, दोनमधली चार फळं तपासायला आणा. दिवा हिरवा होता, मॅडम. मी या डोळ्यांनी बघितला. आम्हाला वाटलं, अजून सोडला नसेल."

"मग?"

"तो पिशवी घेऊन आत गेला. पहिल्याच रांगेतून दोन फळं काढली, मागे वळून मला म्हणाला, 'गारठा आज जास्तच आहे रे.' आणि पोत्यासारखा खाली आला." त्यानं तोंड फिरवलं. "मी श्वास धरून गाडी आत घातली, त्याचा पट्टा धरून ओढला. दिवा तेव्हाही हिरवाच. वर बसून आमची मजा बघत होता मेला!"

"पडला कुठे?"

त्यानं दाराजवळची जागा दाखवली. उंबऱ्यापासून ती हाकेवरसुद्धा नव्हती, हाताच्या अंतरावर होती.

"आणि सेन्सर कुठे लावलेला असतो?"

"तो पार मागच्या भिंतीवर. क्रेटच्या मागे."

बाई वाटेनं चालत मागच्या भिंतीपर्यंत गेल्या. भिंतीवर एक रिकामी खाच होती, काडेपेटीएवढी. तिच्यासमोरचे क्रेट तेवढे बाजूला सारलेले होते. बाकी सगळीकडे क्रेट भिंतीला इतके चिकटून होते की मधे हातही गेला नसता.

"हे कधी हलवले?"

"त्याला नेल्यावर, खोलीत हवा भरली तेव्हा. ऑफिसातून फोन आला, मागची रांग हलव, सेन्सर बघायचाय. मी हलवली आणि गेलो. मला इथे थांबवत नव्हतं."

"म्हणजे तो जिवंत असताना या सेन्सरला कुणाचा हात पोचणंच शक्य नव्हतं."

"कसा पोचणार? आणि कशाला पोचवेल? त्यानं सेल काढला, हे मी पण ऐकलं. पण मॅडम, एक गोष्ट माझ्या डोक्यातच जात नाही." तो डोकं खाजवत म्हणाला. "ट्रेनिंगमध्ये आम्हाला घोकून घेतलं होतं. सेन्सर गप्प झाला की दिवा लाल. सेल संपला, लाल. सेन्सर तुटला, लाल. मग यानं सेल काढल्यावर दिवा हिरवा राहिलाच कसा?"

बाई जागच्या जागी थांबल्या. सकाळपासून अहवालातलं काहीतरी त्यांना खुपत होतं आणि नेमकं काय ते कळत नव्हतं. आता कळलं. ज्याला सेल काढल्यावर दिवा लाल होतो एवढंच माहीत आहे, तो दिवा हिरवा ठेवण्यासाठी सेल काढणार नाही. त्या वाक्यामागे असा कुणीतरी होता ज्याला वेगळंच काही माहीत होतं.

"हे वाक्य तुम्हाला कोणी सांगितलं? सेल काढला म्हणून दिवा हिरवा राहिला, हे?"

"मॅनेजरसाहेबांनी. आणि त्यांना म्हणे, ज्याला सेन्सर सापडला त्या टेक्निशियननं सांगितलं. वहिनींच्या भावानं."

३

टेक्निशियनची खोली जिन्याखाली होती. टेबलावर तारा, स्क्रू, अर्धवट उघडलेले सेन्सर आणि खाली एक पत्र्याचा डबा. बाई आत आल्या तसा त्यानं तो डबा पायानं टेबलाखाली सरकवला. ते बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. सुटेल कसं? एवढा आवाज करून सरकवला होता.

"डबा बाहेर काढा," त्या म्हणाल्या.

डबा सेलनी भरलेला होता. नाण्याएवढे चपटे सेल, सगळे संपलेले.

"हे सेल किती वर्षं चालतात?"

"पाच," तो पुटपुटला. "म्हणजे, कागदावर. ही यंत्रणा आखणाऱ्या प्रोफेसरांच्या मॉडेलप्रमाणे."

"आणि शीतगृहाची ही यंत्रणा बसून किती वर्षं झाली?"

एक वर्षसुद्धा झालं नव्हतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. हे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेले असतात, म्हणून तर एवढ्याशा सेलवर चालतात. मिनिटामिनिटाला जागे व्हायचं, हवा बघायची, शेजारच्या सेन्सरच्या कानात निरोप सांगायचा आणि पुन्हा झोपायचं. शेजारी तो निरोप पुढच्याला देतो, असं करत तो ऑफिसातल्या यंत्राला पोचतो. निरोप मिळाल्याची पोच आली नाही की सेन्सर तो निरोप स्वतःजवळ साठवतो आणि पुन्हा सांगतो, पुन्हा सांगतो. खोल्या रिकाम्या होत्या तोवर सगळं छान चाललं. मग हंगाम आला आणि माल भरला.

"सफरचंद म्हणजे तरी काय, मॅडम, पाणीच. पाणी रेडिओचा निरोप गिळून टाकतं. तेव्हापासून मागच्या भिंतीवरचे सेन्सर घसा फोडून ओरडतायत आणि कुणाला ऐकू जात नाही. ओरडून ओरडून सेल संपतात. मी आपला माल आत-बाहेर होताना बदलत बसतो. प्रोफेसर म्हणाले, कुठे बोलू नकोस, मी मॉडेल नीट करतोय."

"आणि दोन नंबरचा सेन्सर?"

"त्याचा सेल मी माल भरायच्या आधी नवा घातला होता. नंतर तो मला दाराजवळ फरशीवर सापडला. सेल काढलेला, शेजारी पडलेला."

"दाराजवळ! तुमच्या दाजींनी आधी क्रेटची भिंत फोडली, मग पार मागे जाऊन सेन्सर काढला, त्या हवेत परत चालत दाराशी आले, आणि मग मेले. असंच ना? दोन श्वासांत माणूस पडतो तिथे!" बाईंचा आवाज जिन्यावर पोचला असावा, कारण वरची पावलं थांबली. "तुम्ही सही कशी केलीत हो?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला म्हणाले, कुणीतरी निष्काळजी होता हे नक्की. एक तर तो, नाहीतर सेन्सर सांभाळणारा तू. तो तर गेलाच आहे. तुझी नोकरी, तुझं घर, उद्या पोलीस... मॅडम, दाजींनीच मला इथे चिकटवलं होतं."

"कोण म्हणालं?"

दार ढकलून त्याची बहीण आत आली. तिनं किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. पुढे होऊन तिनं भावाच्या थोबाडीत मारली.

"ताई..."

"त्या विचारतायत त्याचं उत्तर दे. कोण म्हणालं?"

"टाइप केलेला कागद मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर होता," तो गाल धरून म्हणाला. "पण तेव्हा खोलीत दोघं होते. मॅनेजरसाहेब आणि प्रोफेसर. दोघंही आलटून पालटून बोलत होते. वाक्य मूळ कुणाचं ते मला खरंच माहीत नाही."

४

प्रोफेसरांनी उभ्या जन्मात कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. पण फळ्याशिवाय त्यांना बोलता येत नसे, म्हणून सगळे त्यांना प्रोफेसर म्हणत. ही सेन्सरची जाळी कशी चालेल, निरोप किती पोचतील, सेल किती टिकेल, हे गणितानं आधीच सांगणारं मॉडेल त्यांचं होतं. त्यांच्या खोलीत उबदार हीटर होता, भिंतभर पांढरा फळा होता आणि फळ्यावर एक रेघ ऐटीत वर चढत गेली होती.

"झालं ते फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण यंत्रणेत दोष नाही. ही बघा कामगिरी. शंभरातले नव्व्याण्णव निरोप पोचतात."

बाईंनी रेघ नीट पाहिली. हंगामाच्या सुरुवातीला ती धाडकन खाली आलेली होती. मग पुन्हा वर, आधीपेक्षाही वर.

"हे मधे काय झालं?"

"माल भरला तेव्हा थोडा त्रास झाला. निरोप हरवायचे, दिवे उगाच लाल व्हायचे. मॅनेजर रोज माझ्या डोक्यावर बसायचे, गाड्या खोळंबतात म्हणून. मग मी मॉडेलमध्ये सुधारणा केली."

"माल अजून आहे ना खोल्यांत?"

"हो, भरगच्च."

"म्हणजे सफरचंदं तीच, भिंती त्याच, सेन्सर तेच. आणि निरोप मात्र एकदम पोचायला लागले?"

"गणित सुधारलं की चित्र स्पष्ट होतं."

"मला गणित येत नाही असं समजून समजवा. हे शंभर म्हणजे कुठले शंभर?"

प्रोफेसरांचा चेहरा उजळला. कुणी समजवायला सांगितलं की त्यांचा स्वतःवर ताबा राहत नसे. त्यांनी पेन उचललं. "सोपं आहे. त्या दिवशी जे सेन्सर बोलले, त्यांचेच निरोप धरायचे. जो दिवसभर बोललाच नाही, त्याच्याबद्दल आपल्याकडे माहितीच नाही. माहिती नाही ते मोजायचं कसं? तो सेन्सर त्या दिवसापुरता वगळायचा."

"म्हणजे वर्गात आलेल्या पोरांचीच हजेरी घ्यायची, आणि म्हणायचं शंभर टक्के हजर."

"तसं नाही हो म्हणता येणार..."

"मग कसं म्हणता येतं? जेवढे सेन्सर मुके होतील तेवढी तुमची रेघ वर जाणार. सगळे मेले की शंभर!"

प्रोफेसरांनी पेनाचं टोपण लावलं. आता ते जपून बोलू लागले. "मुका सेन्सर मॉडेलच्या बाहेर असतो. आणि दोनमध्ये सेन्सर मुका झाला तो सेल काढल्यामुळे. ते तर अहवालातच आहे."

बाई खुर्चीवरून उठल्याच होत्या. सकाळपासून प्रथमच त्यांना राग सोडून दुसरं काहीतरी वाटलं होतं, आणि ती भीती होती. मागच्या भिंतीवरचे सेन्सर फक्त दोनमध्येच नव्हते.

५

तीन नंबरच्या दारावरचा दिवा हिरवा होता.

दारासमोर फोर्कलिफ्टवाला गाडी लावत होता. "गाडी भरायचीय," तो म्हणाला. "साहेबांनी सांगितलं, तीन उघड. मघाशी जोडीदार मागितला, आता येईल."

"हात लावू नका दाराला!" बाई ओरडल्या.

दारातून आतली हवा तपासायला एक बारीक नळी काढलेली होती. बाईंनी पिशवीतलं ऑक्सिजन मोजायचं मीटर काढून नळीला लावलं. क्षणभर आकडा हलला नाही, मग तो घसरत गेला. घसरतच गेला. मीटरनं अशी किंकाळी फोडली की फोर्कलिफ्टवाला दोन पावलं मागे सरला.

वर दिवा शांतपणे हिरवा जळत होता.

"आत श्वास घेण्याजोगं काही नाही," बाई म्हणाल्या. "इथे कुणी सेल काढला? इथेही तोच मेलेला माणूस येऊन गेला का?"

फोर्कलिफ्टवाला गाडीच्या पायरीवर मटकन बसला. अजून दोन मिनिटं गेली असती तर आज दोघांच्या घरी रडारड झाली असती. तो घरचं काहीतरी पुटपुटत राहिला, बायकोनं आणायला सांगितलेलं काही. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग ऑफिसला फोन लावला.

"मॅनेजर, प्रोफेसर, टेक्निशियन. सगळ्यांना तीन नंबरच्या दाराशी पाठवा. आत्ता. आणि ऑपरेटरच्या बायकोलाही बोलवा."

६

सगळे जमले तेव्हा बाईंनी मीटर पिशवीत टाकलं होतं आणि दाराकडे पाठ केली होती. कुणाला काही सांगितलं नव्हतं. फोर्कलिफ्टवाल्यालाही त्यांनी गप्प राहायला बजावलं होतं.

"मला एकच प्रश्न विचारायचाय," त्या म्हणाल्या. "समजा, या खोलीतल्या सेन्सरचा सेल मी आत्ता काढला. दारावरचा दिवा कुठला होईल? एकेकानं सांगा."

"लाल," फोर्कलिफ्टवाला म्हणाला.

"लाल," टेक्निशियन म्हणाला. "तीन निरोप चुकले की लाल. मी स्वतः तसं बसवलं होतं."

"लाल!" मॅनेजर वैतागून म्हणाला. "अर्थात लाल. तेवढ्यासाठी तर ही सिस्टिम घेतली. हा काय पोरखेळ चाललाय?"

"मग तुमच्या अहवालात तो हिरवा कसा राहिला?"

सही केलेला कागद मॅनेजरनं पहिल्यांदाच मनातल्या मनात वाचला असावा. त्याची मान आपोआप प्रोफेसरांकडे वळली.

"वाक्य... वाक्य यांनी लिहून दिलं होतं. मी म्हटलं, तांत्रिक गोष्ट आहे, यांना कळतं."

आता सगळे प्रोफेसरांकडे बघत होते. प्रोफेसर मात्र दिव्याकडे बघत होते.

"तुमचं उत्तर राहिलं," बाई म्हणाल्या. "लाल की हिरवा?"

प्रोफेसरांनी पेनासाठी खिसा चाचपला. बोलणार काय? लाल म्हणावं, तर ऑपरेटरनं सेल काढण्याला काही अर्थच उरत नव्हता आणि अहवाल खोटा ठरत होता. हिरवा म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, की हे तुम्हाला एकट्यालाच कसं माहीत?

"ते... परिस्थितीवर अवलंबून आहे," ते अखेर म्हणाले.

"कसल्या परिस्थितीवर? बोलत नसाल तर मी बोलते." बाईंचा आवाज आता चढला आणि चढू द्यायचाच होता. "दिवे सारखे लाल होत होते, कारण सफरचंदं निरोप गिळत होती. तुमचं मॉडेल रिकाम्या खोल्यांत मोजून केलेलं, भरलेल्या खोलीत ते आपटलं. मॅनेजर म्हणाले, लाल दिवे बंद करा. तुमचं मॉडेल चुकलं हे कबूल करण्याऐवजी तुम्ही नियमच फिरवलात. निरोप आला नाही तर लाल, हे काढलंत. निरोप आला नाही तर आधीचाच रंग ठेव, हे घातलंत. कुणाला सांगितलं नाहीत. माल भरताना खोलीत साधी हवा होती, तेव्हाचा शेवटचा निरोप हिरवा. मग नायट्रोजन भरला, सेन्सर जीव तोडून ओरडत राहिला, आणि दिवा हिरवाच राहिला."

"मी खोटे लाल कमी केले," प्रोफेसर एकदम उसळले. "ते लाल खोटे होते! शंभरातले जवळपास सगळे खोटे!"

"आणि सेन्सर भिंतीवरून का काढलात? रांग हलवायचा फोन तुमचाच होता, हे यांनी मघाशी सांगितलं मला."

"तपासायला."

"तपासायला नव्हे. न पोचलेले निरोप सेन्सर स्वतःजवळ साठवून ठेवतो, सेल काढला की ते पुसले जातात. तुमच्या टेक्निशियनला विचारा." टेक्निशियननं मान हलवली. "त्या सेन्सरच्या पोटात प्रत्येक मिनिटाचा निरोप होता, इथे हवा नाही, इथे हवा नाही. तो पुसायचा होता तुम्हाला. सेल काढलात. मग काढलेल्या सेलचं काहीतरी कारण दाखवायला हवं, म्हणून सेन्सर दाराशी नेऊन टाकलात आणि मेलेल्याच्या नावावर एक वाक्य लिहिलंत. दिवा हिरवा ठेवायचाच असता ना, तर त्यानं सेल घातलेला सेन्सर बाहेरच्या हवेत टांगला असता. शाळेतल्या पोराला सुचेल ते. सेल काढून दिवा हिरवा राहतो, हे या इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि त्यानं ते टाइप करून दिलं."

खोलीमागे कुठेतरी यंत्र घरघरत होतं. प्रोफेसर भिंतीला टेकले.

"मॉडेलप्रमाणे धोका नगण्य होता," ते म्हणाले, कुणाशी तेही कळत नव्हतं. "खरंच नगण्य होता."

ऑपरेटरची बायको इतका वेळ मागे उभी होती. ती पुढे आली.

"नगण्य म्हणजे काय?" तिनं विचारलं. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं.

"म्हणजे... फार कमी. मोजण्याइतका नाही."

"माझा नवरा मोजण्याइतका नव्हता?"

प्रोफेसरांजवळ फळा नव्हता, पेन नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्यांना काही समजावता आलं नाही.

७

बाईंनी नियम तिथेच पूर्ववत करायला लावला. प्रोफेसर पुन्हा पुन्हा चुकीची कळ दाबत होते, शेवटी टेक्निशियननं लॅपटॉप काढून घेतला आणि स्वतः केलं. सगळे दारासमोरच्या लांब बोळात उभे होते. काही क्षण काही झालं नाही. मग तीनचा दिवा लाल झाला. मग चारचा. मग पार टोकाचा एक नंबरचा. उघड्याच असलेल्या दोनच्या दारावरचाही लाल झाला, कारण तिथल्या भिंतीवर आता बोलायला सेन्सरच नव्हता.

"म्हणजे त्या दिवशी त्याला लाल दिसला असता," ऑपरेटरची बायको म्हणाली.

"हो."

"मग तो आत गेला नसता."

"नसता गेला."

ती भिंतीला धरून खाली बसली आणि तेव्हा कुठे रडली. भाऊ जवळ आला, "ताई, घरी चल," म्हणाला. तिनं त्याचा हात झटकला. "तू अजून माझ्याशी बोलू नकोस. बोलेन तेव्हा मीच बोलेन." तो तिथून हलला नाही, पण थोडा लांब जाऊन उभा राहिला.

मॅनेजरला मात्र वेगळीच चिंता लागली होती. बाहेर गाड्या उभ्या, आत चारही दिवे लाल. "हे हिरवे कधी होणार?" त्यानं विचारलं आणि विचारता क्षणी जीभ चावली, कारण बाई त्याच्याकडे वळल्या होत्या.

"तुमचीही गाठ आहे माझ्याशी," त्या म्हणाल्या. "लाल दिवे बंद करा म्हणणारे तुम्हीच. न वाचता सही करणारेही तुम्हीच. पोलीस येतायत. तुम्ही दोघं कुठे जायचं नाही."

जुना अहवाल त्यांनी पुरावा म्हणून पाकिटात घातला आणि मॅनेजरच्याच टेबलावर बसून नवा लिहिला. दुपारी मालक मंडळी आली. चार जण, घाईत, एकाच्या हातात गाडीची किल्ली तशीच. बाईंनी अहवाल समोर ठेवला. पहिलीच ओळ होती: मयत ऑपरेटरची कोणतीही चूक नव्हती.

"बरं, ठीक आहे," त्यांतला ज्येष्ठ म्हणाला. "दुरुस्ती मान्य. ठराव करू आणि मोकळं होऊ."

"थांबा," ऑपरेटरची बायको दारातून म्हणाली. डोळे पुसून ती सरळ उभी होती. "हे माझ्या मुलीसमोर वाचायचं. तिला शाळेत पोरं काय काय ऐकवतील ते मला माहीत आहे. माझ्या तोंडून ऐकलं तर तिला वाटेल, आई आपली समजूत काढतेय. तुमच्या तोंडून ऐकू दे. तुम्ही सगळे बसलेले असताना."

मालकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं घड्याळाकडे पाहिलं. "अहो, आम्हाला पुढे कामं आहेत. किती वेळ थांबायचं?"

तपासनीस बाईंनी खोलीचं दार आतून लावून घेतलं, एक खुर्ची ओढून त्या मुलीसाठी टेबलाच्या पुढच्या बाजूला ठेवली, आणि मग सांगितलं, "शाळा सुटेपर्यंत."